फिट सुरू कुठून झाली?

या सदरासाठी येणारी बहुतेक पत्रे गुडघेदुखी, साखर आणि केस गळणे यांविषयीची असतात. या आठवड्यात मात्र एका भगिनीचे दोन पानी पत्र आले आहे. नाव-गाव अर्थातच छापत नाही. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलाला गेल्या पाच महिन्यांत तीन वेळा, रात्री झोप लागल्यावर तासाभरात, एक विचित्र त्रास झाला. तोंड एका बाजूला ओढले जाते, गाल थरथरतो, लाळ गळते, घशातून घरघर आवाज येतो. मुलगा जागा होतो, आईकडे पाहतो, पण त्याला बोलता येत नाही. दीड-दोन मिनिटांत सारे थांबते. नंतर तो म्हणतो, "मला सगळं कळत होतं, पण जीभच हलत नव्हती." पहिल्या वेळी तो आजीजवळ झोपला होता, पुढच्या दोन्ही वेळी आईजवळ. शहरात नेऊन ई.ई.जी. काढला, तो नॉर्मल आला. सासूबाई म्हणतात, हे बाहेरचे आहे, देवऋषाला दाखवू. शेजारीण म्हणते, जंत झाले असतील. भगिनींचा प्रश्न असा की, ही फिट आहे का? आणि असेल तर पोराला जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतील का?

त्यांना उत्तर देणारच आहे. परंतु त्याआधी या विषयाची थोडी ओळख करून घेऊ, कारण असे प्रश्न मनात असूनही पत्र न लिहिणारी घरे आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत.

फिट, आकडी, फेफरे, मिरगी, अपस्मार ही सारी एकाच गोष्टीची नावे. आपल्या मेंदूत अब्जावधी चेतापेशी आहेत आणि त्या एकमेकींशी विजेच्या अत्यंत सूक्ष्म संदेशांनी बोलत असतात. हे बोलणे शिस्तीत चालते. कधीकधी पेशींचा एखादा समूह शिस्त सोडून एकदम, एकाच वेळी ओरडू लागतो. तेवढा वेळ मेंदूच्या त्या भागाचे नेहमीचे काम बंद पडते किंवा भलतेच काम सुरू होते. हीच फिट होय. काही फिट्समध्ये हा गोंधळ मेंदूच्या दोन्ही बाजूंना पहिल्या क्षणापासूनच असतो. काहींमध्ये मात्र तो एका ठराविक जागी सुरू होतो. या दुसऱ्या प्रकाराला डॉक्टर 'फोकल' म्हणतात. ज्यांच्याकडे जुने कागद आहेत त्यांना तेथे 'पार्शल' असा शब्द दिसेल. २०१७ साली जागतिक संघटनेने नावे बदलली, आजार तोच आहे.

ऊस तोडणीच्या दिवसांत फड पेटलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. ठिणगी एका कोपऱ्यात पडते. कधी ती तेवढाच कोपरा जाळून विझते, तर कधी वारा लागून सारा फड धडधडतो. जो माणूस आरडाओरडा ऐकून धावत येतो त्याला सगळा फड एकदमच पेटलेला दिसतो. फोकल फिटचे अगदी असेच आहे. मूल जमिनीवर पडून चारही हातपाय झाडत असताना जे लोक जमतात ते 'पूर्ण अंगाची फिट आली' असे सांगतात, आणि त्यांचे खोटेही नसते. पण त्याआधीच्या दहा-पंधरा सेकंदांत काय झाले ते पाहणारे एखादेच माणूस असते. बहुधा आई, नाहीतर बाकावर शेजारी बसणारा मित्र. डॉक्टरला हवी असते ती ठिणगी.

कारण ठिणगी कुठे पडली यावर सारे अवलंबून आहे. मेंदूच्या प्रत्येक भागाचे काम वेगळे, म्हणून फिटचे रूपही वेगळे. मेंदूच्या पुढच्या भागात सुरुवात झाली तर मूल झोपेतून अचानक ओरडत उठते, सायकल मारल्यासारखे पाय चालवते, अर्ध्या मिनिटात पुन्हा झोपते, आणि असे एका रात्रीत अनेकदा होऊ शकते. घरचे म्हणतात, वाईट स्वप्न पडले. मागच्या भागात सुरुवात झाली तर मुलाला डोळ्यांसमोर रंगीत गोळे दिसतात. हाताची हालचाल सांभाळणाऱ्या पट्ट्यात सुरुवात झाली तर आधी अंगठा फडफडतो, मग मनगट, मग कोपर. कानशिलामागच्या भागात सुरुवात झाली तर मूल एकदम थांबते, एकटक पाहते, ओठ चाटते किंवा चघळल्यासारखे करते, हाताने कपडे चाचपडते. हाक मारली तर ओ देत नाही. मिनिटभराने भानावर येते आणि त्याला काहीच आठवत नाही. वर्गात असे झाले की गुरुजी समजतात, पोरगे मुजोर आहे.

आणखी एक प्रकार सांगून ठेवतो, कारण तो माझ्यासारख्या जनरल प्रॅक्टिशनरलाही हमखास चकवतो. तीन ते सहा वर्षांच्या आसपासचे मूल रात्री उठते, पांढरेफटक पडते, उलट्या करते आणि मग त्याची नजर एका बाजूला खिळते. हे बराच वेळ, कधी अर्धा तासही चालते. आपण समजतो, काहीतरी बाधले. उलटीचे औषध दिले जाते. ती डोळ्यांची गोष्ट आईने सांगितली नाही, किंवा सांगूनही आपण ऐकली नाही, तर ही फिट होती हे कुणालाच कळत नाही.

'सांगूनही ऐकली नाही' हे मी उगाच लिहिलेले नाही.

१९९८ सालची गोष्ट. दवाखाना टाकून मला दोनच वर्षे झाली होती. नऊ वर्षांच्या एका मुलीला तिचे आईवडील घेऊन आले. "सायेब, पोटातनं कायतरी वर येतंय म्हणती," वडील म्हणाले. मुलीनेही बेंबीपासून गळ्यापर्यंत हात नेऊन दाखवले आणि म्हणाली, "मग भ्या वाटतं." मी पोट तपासले, मऊ होते. जंताची गोळी दिली. पंधरा दिवसांनी तीच तक्रार. पित्ताचे औषध दिले. सोनोग्राफी केली, तीही नॉर्मल. पुढे वर्षभर ती मुलगी अधूनमधून येत राहिली. एकदा मी तिच्या वडिलांना बाजूला घेऊन सांगितले की, शाळा चुकविण्यासाठी मुले असे करतात, तुम्ही फार लक्ष देऊ नका. आज हे वाक्य आठवले की मान खाली जाते.

दीड वर्षाने एका संध्याकाळी तिला हात भाजलेल्या अवस्थेत आणले. आई भाकरी थापत होती आणि मुलगी तव्यावरची भाकरी उलटत होती. आई सांगू लागली, "हात तव्यावर टेकला हुता, डॉक्टर, आन् ही नुसती माझ्याकडं बघत ओठ चाटीत हुती. हात काढीना." मी मलमपट्टी करता करता थांबलो. विचारले, असे ओठ चाटणे आधी कधी पाहिले होते का? आईने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "तुमाला सांगितलं हुतं की. पोटात गोळा आला की गप बसती, आन् ओठ चाटती म्हनून."

तिने सांगितले होते. माझ्या डोक्यात पोट होते, म्हणून मी पोटाचेच ऐकले. पोटातून वर चढणारी ती संवेदना आणि अचानक वाटणारी भीती ही कानशिलामागच्या भागातल्या फिटची पाठ्यपुस्तकात लिहिलेली सुरुवात आहे. परीक्षेत मी ती लिहिलीही असेन. पुण्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठविल्यावर त्यांनी एका गोळीवर तिला बरे ठेवले. आज ती दोन मुलांची आई आहे. मुलांना ताप आला की माझ्याकडेच आणते. तिच्या उजव्या हाताची दोन बोटे अजूनही पुरती सरळ होत नाहीत.

फिटच्या सुरुवातीवरून मेंदूतली जागा ओळखायची ही विद्या नवी नाही. ती शिकविली लंडनच्या डॉ. जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तेव्हा ई.ई.जी. नव्हता, क्ष-किरणदेखील नव्हते. ते १८९५ साली आले. जॅक्सन यांच्याजवळ होते दोन डोळे आणि रोग्याच्या नातलगांना खोदून विचारण्याची चिकाटी. त्यांनी पाहिले की, एका बाजूच्या फिट्स बहुधा अंगठा व तर्जनी, तोंडाचा कोपरा किंवा पायाचा अंगठा येथून सुरू होतात, आणि मग ठरलेल्या क्रमाने सरकत जातात. जणू पलटण चालली आहे. त्यांनी असा निष्कर्ष काढला की मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचा नकाशाच मांडलेला असला पाहिजे, आणि जे अवयव बारीक कामे करतात त्यांना त्या नकाशात जास्त जागा असली पाहिजे. पुढे ते खरे ठरले. त्यांच्या स्वतःच्या पत्नीलाही अशाच एका बाजूच्या फिट्स येत असत. १८८६ साली व्हिक्टर हॉर्सली या सर्जनने एका बावीस वर्षांच्या तरुणाची कवटी उघडली. लहानपणी डोक्याला मार लागल्यापासून त्याला फिट्स येत होत्या. तेथला व्रण काढून टाकला. कुठलाही फोटो न काढता कवटी कुठे उघडायची हे ठरविण्यात खोक बरोबर फिटच्या क्रमाचाही आधार होता. मला हे वाचताना दरवेळी अंगावर काटा येतो.

आता कोणी म्हणेल, "तो काळ वेगळा होता. आता मशिन आहेत. आणि या भगिनीच्या मुलाचा ई.ई.जी. तर नॉर्मल आला आहे ना?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. त्याचे उत्तर मला एका अनपेक्षित ठिकाणी सापडले.

काही वर्षांपूर्वी राष्ट्रीय विज्ञान दिनी, म्हणजे २८ फेब्रुवारीला, मी एका शाळेच्या सहलीबरोबर नारायणगावजवळच्या खोडद येथे गेलो होतो. तेथे रेडिओ लहरी टिपणारी जी.एम.आर.टी. ही प्रचंड दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तारांच्या ३० तबकड्या, मध्ये चौदा आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन दिशांना पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. तेथे 'सक्रिय दीर्घिकां'विषयी सांगितले गेले. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह, आपली आकाशगंगा ही त्यातलीच एक. काही दीर्घिकांच्या अगदी मध्यभागी प्रचंड वस्तुमानाचे कृष्णविवर वायू गिळत असते, आणि त्या एवढ्याशा जागेतून कधीकधी उरलेल्या साऱ्या ताऱ्यांच्या एकूण प्रकाशापेक्षा जास्त ऊर्जा बाहेर पडते. तेथे कुणी जाऊन पाहू शकत नाही. पण काहींचे तेज थोड्या दिवसांतच कमीजास्त होते, आणि त्यावरून शास्त्रज्ञ अंदाज करतात की, प्रकाश तेवढ्या दिवसांत जितका पुढे जाईल त्याहून ती जागा मोठी असू शकत नाही. जागा न पाहता जागेचा आकार सांगितला!

मी सारखा जॅक्सन यांचाच विचार करीत होतो. बंद कवटीबाहेर उभे राहून, लक्षणांच्या क्रमावरून आतली जागा सांगायची, हे काम त्याच जातीचे आहे. आणि दुसरी गोष्ट. अशा दीर्घिकेकडे एकदा पाहून भागत नाही. ती आज शांत असेल आणि महिन्याभराने भडकलेली असेल. म्हणून पुन्हापुन्हा पाहावे लागते.

ई.ई.जी.चेही असेच आहे. १९२४ साली जर्मनीतील हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतली वीज प्रथम कागदावर उमटविली. ती किती असते? टाळूवर मोजली तर एका व्होल्टचे दहा लाख भाग करावेत आणि त्यांतले दहा ते शंभर भाग घ्यावेत, एवढीच. मुलाने डोळे मिचकावले किंवा दात आवळले तरी आलेखात मोठा गोंधळ दिसतो. असा हा आलेख आपण अर्धा तास काढतो. महिन्यातून एकदा दोन मिनिटे येणारी फिट त्या अर्ध्या तासात कशी सापडावी? दोन फिट्सच्या मधल्या काळात पुष्कळदा विजेचे लहान फटके दिसतात, त्यावरून निदानाला आधार मिळतो. पण ते नेहमीच दिसतात असे नाही. विशेषतः ज्या मुलांना झोपेत त्रास होतो त्यांचे फटकेही झोपेत वाढतात. दुपारी बारा वाजता जाग्या मुलाचा काढलेला ई.ई.जी. नॉर्मल आला, याचा अर्थ एवढाच की, दुपारी बारा वाजता फटके दिसले नाहीत. याउलट, ज्याला कधीही फिट आली नाही अशा काही मुलांच्या आलेखातही फटके दिसतात. त्यांना कागदाकडे बघून गोळ्या सुरू करणे चूक आहे. निदान होते ते हकिकतीवरून. मशिन साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

म्हणून पालकांनो, फिट येईल तेव्हा घाबरणे साहजिक असले तरी चार गोष्टी डोळ्यांनी टिपण्याचा प्रयत्न करा. सर्वांत आधी काय झाले? मूल काही म्हणाले का, पोटात, डोळ्यांपुढे, हाताला मुंग्या? मान आणि नजर कोणत्या बाजूला वळली? कोणता हात आधी हलला, आणि दुसरा त्या वेळी काय करीत होता? तोंड ओढले गेले तर ते मुलाच्या डाव्या बाजूला की उजव्या, हे मुलाच्या दृष्टीने सांगा, तुमच्या नव्हे. यात फार घोटाळा होतो. हाक मारल्यावर मुलाने ओ दिली का? थांबल्यावर बोलणे लगेच आले का, आणि एखादा हात किंवा पाय काही वेळ लुळा पडला का? फिटनंतर काही मिनिटे, क्वचित एक-दोन दिवसही, एका बाजूची ताकद गेलेली असू शकते. लोक त्याला लकवा समजून हंबरडा फोडतात. ती ताकद परत येते, पण उजवा हात लुळा होता हे कळले तर ठिणगी मेंदूच्या डाव्या अर्ध्यात पडली असावी असा माग मिळतो. अर्थात, अशी एका बाजूची ताकद पहिल्यांदाच गेली तर घरी वाट पाहत बसू नये, लगेच दवाखाना गाठावा.

आता घरोघरी मोबाईल आहेत. एकाने मुलाला सांभाळावे, दुसऱ्याने चित्रण करावे. यात लाज किंवा निर्दयपणा काही नाही. पूर्ण चेहरा आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत, पांघरूण बाजूला करावे, मधूनच मुलाला नावाने हाक मारावी. मेंदूचे डॉक्टर हल्ली आधी हे चित्रणच मागतात. माझ्या अनुभवात तीस सेकंदांच्या हलत्याडुलत्या चित्राने जाडजूड फाईलपेक्षा जास्त काम केले आहे.

मुलाला सांभाळणे म्हणजे काय तेही थोडक्यात. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, गळ्याजवळची बटणे सैल करा, घड्याळ पाहा. दातांत चमचा घालू नका, पाणी पाजू नका, हातपाय दाबून धरू नका. कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा यांनी फिट थांबत नाही. बहुतेक फिट्स दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात, आणि जी वस्तू तेव्हा हातात असेल तिला श्रेय मिळते. पाच मिनिटे झाली आणि थांबली नाही तर गाडी काढा. ज्यांना वारंवार फिट्स येतात अशांसाठी नाकात मारायचा मिडाझोलॅमचा फवारा मिळतो. तो वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून लिहून घेऊन घरी आणि शाळेत ठेवावा.

ठिणगी पडते ती का, हा पुढचा प्रश्न. जन्माच्या वेळी गुदमरणे, मेंदूज्वर, डोक्याला मार, मेंदूच्या घडणीतला जन्मजात दोष अशी कारणे असतात. पण आपल्या देशात एक कारण फार आढळते, ते म्हणजे मेंदूतली फितकृमीची गाठ. डुकराच्या मांसातल्या फितकृमीच्या अंड्यांतून ही गाठ होते. हे सांगितले की माळकरी घरांत लोक दुखावले जातात. "डॉक्टर, आमच्या सात पिढ्यांत कुणी मांसाला शिवलं नाही!" त्यांचे म्हणणे खरे असते, आणि तरीही मुलाच्या स्कॅनमध्ये गाठ असते. कारण असे की, कच्चे राहिलेले मांस खाणाऱ्याच्या आतड्यात किडा वाढतो. त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. उघड्यावरचा शौच, सांडपाण्यावरचा भाजीपाला, न धुतलेले हात या मार्गांनी ती अंडी दुसऱ्याच्या पोटात जातात, आणि त्यांतून निघालेल्या अळ्या तेथून रक्तावाटे मेंदूत. म्हणजे खाल्ले एकाने, भोगले भलत्यानेच. कोबीतल्या हिरव्या अळीचा याच्याशी काहीही संबंध नाही. ती अळी दिसते म्हणून तिला बदनाम केले गेले. अंडी डोळ्यांना दिसतच नाहीत. कोशिंबिरीच्या भाज्या वाहत्या पाण्यात नीट धुवा, शेतातून आल्यावर साबणाने हात धुवा.

अशी एकच लहान गाठ असेल तर घाबरण्याचे कारण नसते. पुष्कळदा ती काही महिन्यांत विरून जाते. क्षयाची गाठही स्कॅनमध्ये काहीशी अशीच दिसते, त्यामुळे फरक जाणकारालाच करू द्यावा. स्कॅनचा रिपोर्ट वाचून दुकानातून जंताच्या गोळ्यांचा मोठा डोस आणून देणे मात्र धोक्याचे आहे. किडा मरताना मेंदूला सूज येते, म्हणून ते औषध तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, सूज उतरविणाऱ्या औषधाबरोबरच द्यावे लागते.

औषधांविषयी फार लिहीत नाही, कारण ती मुलागणिक वेगळी असतात. कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, लेव्हेटिरासेटाम ही नावे तुमच्या चिठ्ठीवर दिसतील. कार्बामाझेपिन सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. लेव्हेटिरासेटामने काही मुले चिडखोर होतात. आई म्हणते, पोरगं बदललं. तिचे खरे असते, तेही सांगावे. योग्य औषध नियमित घेतले तर दहातल्या सात जणांच्या फिट्स थांबू शकतात. साधारण दोन वर्षे एकही फिट न आल्यास औषध हळूहळू कमी करण्याचा विचार करतात. 'आता बरं आहे' म्हणून एका दिवसात गोळी बंद करणे हा मात्र खेळ नव्हे, तशाने फिट वर फिट येऊन मूल दगावू शकते. उलट, दोन योग्य औषधे पुरेशा मात्रेत देऊनही फिट्स थांबत नसतील तर वर्षानुवर्षे तिसरी-चौथी गोळी वाढवीत बसू नये. अशा मुलाला मोठ्या केंद्रात दाखवावे. ठिणगीची जागा नक्की सापडली आणि ती काढण्याजोगी असली तर शस्त्रक्रियेने फिट्स थांबू शकतात. तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत हे काम १९९५ पासून चालू आहे, आपल्या मुंबईतही होते. खर्चाची अडचण असेल त्यांनी शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांना जरूर सांगावे. फिट्स हा आजार त्या योजनेच्या यादीत आहे.

मुलगी असली की आईबाप आजार लपवितात, हे मी जाणतो. लग्नाची भीती. १९९९ साली हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती होऊन विवाह रद्द ठरविण्याच्या कारणांतून अपस्मार काढून टाकला गेला. एवढे तरी माहीत असावे.

आता पत्र लिहिणाऱ्या भगिनींना. ताई, तुमच्या वर्णनावरून ही फोकल फिटच असावी, आणि ती बहुधा मुलांमधल्या सर्वांत नेहमी आढळणाऱ्या व सौम्य प्रकारातली असावी. चेहरा आणि जीभ हलविणाऱ्या पट्ट्याच्या खालच्या भागात ती सुरू होते. म्हणूनच गाल थरथरतो, लाळ गळते आणि जाग असून शब्द फुटत नाही. झोप लागल्यावर लवकर किंवा पहाटे ती येते, सात-आठ वर्षांच्या आसपास सुरू होते, आणि वयात येईपर्यंत बहुतेकांची कायमची थांबते. जन्मभर गोळ्यांचा प्रश्न त्यात सहसा येतच नाही. फिट्स थोड्या आणि रात्रीच्याच असतील तर काही डॉक्टर गोळीदेखील सुरू करीत नाहीत, नुसते लक्ष ठेवतात. ते मात्र तुमच्या डॉक्टरांना ठरवू द्या. ई.ई.जी. पुन्हा काढावा लागेल, या खेपेस झोपेतला. आदल्या रात्री मुलाला उशिरापर्यंत जागे ठेवून न्यायला सांगतील. एम.आर.आय. हवा की नको हे त्यानंतर ठरेल.

शाळेत वर्गशिक्षकांना सांगा. अभ्यासात, विशेषतः वाचनात आणि भाषेत, तो मागे पडू लागला तर तेही डॉक्टरांना सांगा, रागावू नका. पोहायला विहिरीवर एकट्याने पाठवू नका, एवढे पथ्य पुरे.

देवऋषाविषयी सासूबाईंशी वाद घालीत बसू नका. पहिल्या रात्री मुलाजवळ त्या होत्या, तुम्ही नव्हता. तोंड आधी कोणत्या बाजूला ओढले गेले, आणि त्याआधी मुलाने गालाला मुंग्या आल्याचे काही सांगितले का, हे त्यांना विचारून कागदावर लिहा, आणि तपासणीला जाताना त्यांना बरोबर न्या.